विश्लेषण : थोडा वेळ वापर थांबला की टचस्क्रीन प्रतिसाद का देत नाही?

दवाखान्याच्या नोंदणी काउंटरवर टचस्क्रीन मॉनिटर सकाळभर व्यवस्थित चालतो. दुपारी दवाखाना बंद होतो. संध्याकाळी रांग लागते, पडद्यावर नोंदणीचा अर्ज दिसत असतो, माउस हलवला तर बाणही हलतो. पण बोट लावले की काहीच घडत नाही. संगणक ‘रिस्टार्ट’ केला की सारे सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानातील बिलिंग काउंटर, शाळेतील डिजिटल फळा, ग्रंथालयातील शोधयंत्र, कारखान्यातील नियंत्रण कक्ष अशा अनेक ठिकाणी ही तक्रार ऐकू येते. ‘काच गेली, पॅनेल बदलावे लागेल’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मात्र फक्त विश्रांतीनंतरच टच बंद पडत असेल, तर दोष काचेत असण्याची शक्यता कमी असते. वीज वाचवण्यासाठी झोपवलेले उपकरण पुन्हा जागे न होणे, हे त्याचे अधिक नेहमीचे कारण आहे.

नेमका बिघाड काय असतो?

तक्रार एकच वाटली तरी तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पडदा काळा असतो आणि बोट लावून उजळत नाही. कीबोर्डवरील कळ दाबली की पडदा आणि टच दोन्ही सुरू होतात. दुसऱ्या प्रकारात पडदा उजळतो, चित्र दिसते, माउस चालतो, पण टच निपचित राहतो. तिसऱ्या प्रकारात टच चालू असतो, पण बोट एकीकडे आणि क्लिक भलतीकडे पडते. पहिला प्रकार अनेकदा बिघाड नसून त्या यंत्राच्या रचनेचा भाग असतो. तिसरा बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकाराची. कारण समोर चित्र दिसत असल्याने यंत्र चालू आहे असे वाटते आणि दोष काचेवर ढकलला जातो.

चित्र आणि स्पर्शाचे मार्ग वेगळे कसे?

टचस्क्रीन मॉनिटर दिसायला एक यंत्र असले तरी संगणकाच्या लेखी ती दोन उपकरणे असतात. चित्र एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा जुन्या व्हीजीए केबलमधून संगणकाकडून मॉनिटरकडे जाते. बोट कुठे टेकले ही माहिती उलट दिशेने, साधारणपणे वेगळ्या यूएसबी केबलमधून संगणकाकडे येते. म्हणजे टचस्क्रीन हा एका अर्थाने काचेवर पसरलेला माउस आहे. यूएसबी-सीच्या एकाच केबलवर चालणाऱ्या मॉनिटरमध्येही केबलच्या आत हे दोन मार्ग वेगळेच राहतात. त्यामुळे चित्र आहे म्हणजे टचही असायलाच हवा, असे नाही.

शाळांतील मोठ्या डिजिटल फळ्यांबाबत हा घोळ विशेष होतो. अशा अनेक फळ्यांत स्वतःची अँड्रॉइड प्रणाली असते. त्यावर टच चालतो, पण जोडलेल्या संगणकाचे चित्र आणले की चालत नाही. एचडीएमआय केबल जोडलेली असते, मात्र ‘टच’ असे लिहिलेल्या पोर्टमधील यूएसबी केबल सैल असते, लावलेलीच नसते किंवा त्या जोडणीने झोप घेतलेली असते. फळ्याची काच यात पूर्णपणे निर्दोष असते.

बोट ओळखले कसे जाते?

मोबाइलसारख्या टचस्क्रीनमध्ये काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि वीजवाहक पदार्थाची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत धारकता बदलते. कंट्रोलर चिप हा बदल सेकंदाला अनेक वेळा तपासते आणि बोटाची जागा काढते. धारकतेवर चालणाऱ्या टचस्क्रीनची मूळ कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी ब्रिटनमधील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करताना 1965 मध्ये मांडली होती. मोठ्या फळ्यांत मात्र अनेकदा चौकटीतून अवरक्त किरणांचे जाळे सोडले जाते. बोटाने किरण अडले की जागा कळते.

पद्धत कोणतीही असो, कोणीही स्पर्श केलेला नसताना मोजमाप किती येते, याची नोंद कंट्रोलरला ठेवावी लागते. ही त्याची आधारपातळी. तिच्याशी तुलना करूनच ‘आता बोट लागले’ असे तो ठरवतो. जागे होताना ही आधारपातळी चुकीची घेतली गेली, तर पडद्याचा काही भाग बधिर होतो किंवा कोणी हात न लावताही क्लिक पडत राहतात.

‘झोप’ कुठून येते?

यूएसबीच्या नियमांतच झोपेची सोय आहे. संगणक एरवी जोडलेल्या उपकरणांकडे ठरावीक अंतराने संकेत पाठवत असतो. हे संकेत थांबले आणि 3 मिलिसेकंद काहीच हालचाल झाली नाही, की उपकरणाने ‘सस्पेंड’ म्हणजे निद्रावस्थेत जायचे असते. जागेपणी यूएसबी 2.0 उपकरण 500 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकते. झोपेत ही मर्यादा 2.5 मिलिअँपिअरवर येते, म्हणजे 200 पट कमी.

संपूर्ण संगणक झोपला नसतानाही एखादेच निष्क्रिय उपकरण असे झोपवता येते. विंडोजमध्ये याला ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ म्हणतात, लिनक्समध्ये ‘ऑटोसस्पेंड’. लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी ही सोय अत्यंत उपयुक्त आहे. मात्र सतत विजेवर चालणाऱ्या काउंटरवरील संगणकातही ती अनेकदा मूळ सेटिंगप्रमाणे चालूच राहते.

याशिवाय झोपेच्या आणखी दोन पायऱ्या असतात. संगणक ठरावीक वेळानंतर स्वतः ‘स्लीप’मध्ये जातो. आणि चित्राचा संकेत थांबला की मॉनिटरही आपल्या पद्धतीने झोपतो. काही मॉनिटर गाढ झोपेत आतील यूएसबी हबची वीजही तोडतात. तेव्हा टचचा कंट्रोलर संगणकापासून चक्क तुटलेला असतो. अशा वेळी बोट लावून पडदा जागा करण्याचा प्रयत्न म्हणजे वीज नसताना बेल वाजवण्यासारखे आहे.

मग जाग का येत नाही?

निद्रावस्थेतील उपकरणाला संगणक उठवू शकतो किंवा उपकरण स्वतः ‘मला उठवा’ असा संकेत देऊ शकते. संगणक उठवतो तेव्हा तो किमान 20 मिलिसेकंद जागे होण्याचा संकेत देतो आणि त्यानंतर उपकरणाला सावरायला 10 मिलिसेकंद मिळतात. एवढ्यात कंट्रोलरने तयार व्हायला हवे. त्याच्या आतील सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर सदोष असेल, जागे होताना व्होल्टेज खाली आले किंवा केबलमधून संकेत विस्कळीत पोहोचला, तर संगणक आणि कंट्रोलरची चुकामूक होते. संगणक समजतो उपकरण बिघडले. कंट्रोलर वाट पाहत राहतो.

बोटाने उठवायचे असेल तर अडचण आणखी वाढते. बोट ओळखण्यासाठी पडद्याची जाळी तपासत राहावी लागते आणि झोपेत मिळणारी वीज तुटपुंजी. मोठ्या पडद्याची पूर्ण जाळी तेवढ्यात तपासणे कठीण असते. म्हणून काही कंट्रोलर झोपेत तपासणी मंद करतात, काही थांबवतात. अशा मॉनिटरला कीबोर्ड किंवा माउसनेच उठवावे लागते.

लांब केबल हे याचे दुर्लक्षित कारण आहे. यूएसबी 2.0 साठी केबलची व्यवहारातील मर्यादा 5 मीटर आहे. वर्गात संगणक एका टोकाला आणि फळा दुसऱ्या टोकाला असतो. मधे साध्या एक्स्टेन्शन केबल एकाला एक जोडल्या जातात. एकदा सुरू झालेली जोडणी कशीबशी टिकते, पण झोपेनंतर नव्याने ओळख पटवताना अडखळते. अंतर जास्तच असेल तर संकेत पुढे ढकलणारी ‘अ‍ॅक्टिव्ह’ केबल लागते.

दुरुस्तीच्या दुकानात टच व्यवस्थित कसा चालतो?

या बिघाडातील सर्वात मनस्ताप देणारा भाग हाच. दुकानात नेण्यासाठी मॉनिटरच्या केबल काढल्या जातात. केबल काढून पुन्हा लावणे हाच या दोषावरचा तात्पुरता उपाय असल्याने दुकानात पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. तिथे मॉनिटर दुसऱ्या संगणकाला, वेगळ्या सेटिंगवर जोडला जातो आणि सलग तपासला जातो. त्याला तासभर विश्रांती कोणी देत नाही. साहजिकच ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे अंदाजाने पॅनेल बदलले जाते. अनेक मॉनिटरमध्ये काच आणि टचचा संवेदक एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे हा खर्च मोठा असतो. पॅनेल बदलून मॉनिटर जुन्याच संगणकाला जोडला, की दोन दिवसांत दोष परत येतो.

म्हणून हा बिघाड घडत असतानाच पकडायला हवा. टच बंद असताना माउस चालत असल्याचे दाखवणारा छोटा व्हिडीओ मोबाइलवर काढून ठेवला, तर वॉरंटीच्या दाव्यात त्याचा उपयोग होतो.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

टच बंद पडला की लगेच रिस्टार्ट करू नये. आधी माउस चालतो का ते पाहावे. चालत नसेल तर संगणकच अडकला आहे. चालत असेल तर टचची यूएसबी केबल संगणकाकडून काढावी, दहा सेकंद थांबून पुन्हा लावावी. टच परत आला, तर काच आणि जाळी शाबूत आहे, असे मानायला हरकत नाही; चूक जागे होण्याच्या प्रक्रियेत आहे.

दुसऱ्या वेळी टच बंद पडेल तेव्हा केबल न काढता माउसने ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. त्यात ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ या गटात ‘एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन’ अशी नोंद असते. तिच्या अवस्थेवरून दिशा कळते. नोंदच गायब असेल, तर केबल, हब, पोर्टची वीज किंवा मॉनिटरची गाढ झोप यांपैकी काहीतरी कारण आहे. यूएसबीच्या किंवा या गटात पिवळे चिन्ह असेल आणि त्यावर ‘कोड 10’ किंवा ‘कोड 43’ दिसत असेल, तर उपकरण सुरू होऊ शकले नाही किंवा अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले, असा अर्थ होतो. अशा वेळी ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा जोडणीकडे पाहावे. नोंद ठीकठाक असूनही टच चालत नसेल, तर ती नोंद ‘डिसेबल’ करून पुन्हा ‘एनेबल’ करावी. त्याने टच परतला तर कंट्रोलर झोपेनंतर अडकला होता. त्यानेही फरक पडला नाही, तर पडद्यावर चालू असलेले सॉफ्टवेअर बंद करून डेस्कटॉपवर टच तपासावा. कधी कधी अडकलेले असते ते सॉफ्टवेअरच.

किती वेळाने टच जातो, याची नोंदही महत्त्वाची. मॉनिटर दहा मिनिटांनी बंद होत असेल आणि संगणक अर्ध्या तासाने झोपत असेल, तर टच दहाव्या मिनिटानंतर जातो की तिसाव्या, यावरून दोषी पायरी सापडते.

विंडोजमध्ये कोणत्या सेटिंग बदलाव्यात?

पहिली सेटिंग कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये आहे. चालू असलेल्या प्लॅनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये ‘यूएसबी सेटिंग्ज’ आणि त्याखाली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असा पर्याय असतो. तो ‘डिसेबल्ड’ करावा. दुसरी सेटिंग डिव्हाइस मॅनेजरमध्ये. ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या गटातील ‘यूएसबी रूट हब’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा टॅब असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण तिथून काढावी. रूट हब एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची खूण काढावी.

तिसरी जागा म्हणजे खुद्द मॉनिटरचा मेनू. मॉनिटर झोपेत असतानाही यूएसबी चालू ठेवण्याचा किंवा गाढ झोप बंद करण्याचा पर्याय काही मॉनिटरमध्ये मिळतो. एवढ्याने भागले नाही तर टचची केबल मॉनिटरच्या किंवा बाहेरच्या हबमधून न नेता थेट संगणकाच्या मागील पोर्टला लावावी. त्यानंतर संगणक आणि मॉनिटर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर व फर्मवेअर अद्ययावत करावे.

लिनक्सवर चालणाऱ्या किऑस्कमध्ये टचच्या उपकरणाचे वीज नियंत्रण ‘ऑटो’वर असेल तर ते ‘ऑन’ करावे लागते. मूळ प्रणालीत ते ठीक असले तरी बॅटरी वाचवणाऱ्या जोड-साधनांनी ते बदललेले असू शकते.

एका वेळी एकच बदल करून किमान एक दिवस पाहावे. सगळे बदल एकदम केले तर टच सुरू होईल, पण कारण कळणार नाही. पुढच्या विंडोज अपडेटने एखादी सेटिंग मूळपदावर आणली तर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल.

रिस्टार्टने चालते, मग शटडाउन करून का नाही?

विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शटडाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येऊ शकतो. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. रात्री संगणक बंद करूनही सकाळी टच चालत नसेल, तर पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावे.

लॅपटॉप आणि दोन मॉनिटर यांचे काय?

अनेक लॅपटॉपमध्ये अंगचा टचस्क्रीन यूएसबीऐवजी ‘आयटूसी’ या अंतर्गत मार्गाने जोडलेला असतो. तिथे केबल काढून लावण्याची सोय नसते आणि यूएसबीच्या सेटिंगचाही उपयोग होत नाही. टचची नोंद डिसेबल-एनेबल करणे, चिपसेटचे ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत करणे, हे तिथले मार्ग. बाहेरून यूएसबी टच मॉनिटर जोडला असेल, तर लॅपटॉपच्या यूएसबी सेटिंगमध्ये पडदा बंद असताना उपकरणे थांबवणारा ‘बॅटरी सेव्हर’ पर्यायही पाहावा.

दोन मॉनिटर जोडलेले असतील तर झोपेनंतर ते वेगळ्या क्रमाने जागे होऊ शकतात आणि विंडोज टचचे नाते चुकीच्या पडद्याशी जोडते. एका पडद्यावर बोट लावले की दुसऱ्यावर क्लिक पडते. कंट्रोल पॅनेलमधील ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ निवडून, सांगितलेल्या पडद्याला बोट लावले की हे नाते पुन्हा जुळते.

पावसाळा, धूळ, अर्थिंग यांचा संबंध किती?

यांनी टच बिघडतो, पण वेगळ्या रीतीने. काचेवरील पाण्याचे थेंब किंवा ओल धारकतेच्या मोजमापात गोंधळ घालते. अवरक्त चौकटीत साचलेली धूळ किंवा थेट पडणारे ऊन किरणांच्या आड येते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमुळे किंवा निकृष्ट अडॅप्टरमुळे विद्युत गोंगाट वाढतो आणि क्लिक आपोआप पडू लागतात. ही लक्षणे वापर चालू असतानाही दिसतात, हा महत्त्वाचा फरक. एक अपवाद मात्र आहे. जागे होतानाच काचेवर ओले फडके, फाइल किंवा हात टेकलेला असेल, तर आधारपातळी चुकते. म्हणून पडदा पुसायचा तो बंद असताना, आणि सुरू होताना काही सेकंद त्याला हात लावू नये.

वीजबचत बंद केल्याने बिल किती वाढेल?

यूएसबी 2.0 पोर्टची 500 मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा 5 व्होल्टला अडीच वॉट होते. टचच्या कंट्रोलरने ही कमाल वीज 24 तास घेतली असे धरले, तरी दिवसाला 0.06 युनिट आणि महिन्याला दोन युनिटपेक्षा कमीच खर्च होतो. मॉनिटरच्या प्रकाशाला यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. त्यामुळे काउंटरवर पडदा ठरावीक वेळानंतर बंद होऊ द्यावा, टच मात्र जागा ठेवावा. बॅटरीवर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी हाच सल्ला लागू होत नाही. तिथे थोड्या विजेचाही फरक पडतो.

दुरुस्तीला कधी द्यावे?

वापर चालू असतानाही टच जात असेल, पडद्याची एकच पट्टी कायम बधिर असेल, काचेला तडा असेल किंवा दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने आणि वीजबचत बंद ठेवूनही तोच दोष दिसत असेल, तर पॅनेल किंवा कंट्रोलर तपासायला द्यावा. कंट्रोलर अनेकदा वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो. पॅनेल बदलण्याचे ठरवण्याआधी तो स्वतंत्रपणे बदलता येईल का, हे विचारावे. नवा टच मॉनिटर घेताना तीन प्रश्न पुरेसे आहेत : झोपेतून बोटाने जागा होतो का, झोपेत यूएसबी चालू ठेवण्याची सोय आहे का, आणि फर्मवेअर अपडेट मिळतात का. शक्य असेल तर दुकानातच तो आपल्या संगणकाला जोडावा, पडदा बंद होईपर्यंत थांबावे आणि मग बोट लावून पाहावे.